कारागृहाच्या दारापासून धर्मग्रामाच्या दारापर्यंत

ऑगस्ट महिन्याचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा कारागृह-सेवेचा रविवार म्हणून पाळते. १९४१ साली आउशवित्झच्या छळछावणीत एका सहबंद्याच्या जागी स्वतःहून मरण पत्करणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे या सेवाकार्याचे आश्रयदाते असून त्यांचा सण १४ ऑगस्टला येतो. त्या रविवारी पवित्र मिस्सामध्ये बंदीजनांसाठी प्रार्थना होते, प्रवचनात संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाचा उल्लेख येतो. अखेरच्या न्यायाच्या दिवशी प्रभू ज्या गोष्टींचा हिशेब मागणार आहे, त्यांत तुरुंगात असलेल्याची भेट ही एक आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकलेलो असतो.

भेट घ्यायची ती आत असलेल्याची. परंतु जो बाहेर आला, त्याचे काय? तो आता भिंतीआड नाही. तो आपल्याच गावात, आपल्याच चाळीत, कदाचित रविवारी आपल्याच बाकावर आहे. आत असलेल्यावर दया करणे त्या मानाने सोपे असते, कारण भेटीची वेळ संपली की आपण घरी येतो. सुटून आलेल्याला मात्र खोली भाड्याने हवी असते, काम हवे असते, लग्नाच्या मांडवात इतरांसारखे बोलावणे हवे असते. आपल्या क्षमाशीलतेची परीक्षा तेथे होते. या लेखात त्या दृष्टीने उपयोगी पडणारी माहिती एकत्र देण्याचा प्रयत्न केला आहे.

परत येतात ते कोण?

‘तुरुंगातून सुटलेला’ म्हटले की गुन्हा शाबीत झालेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ हे न्यायाधीन, म्हणजे बोलीभाषेत ‘कच्चे कैदी’ होते. शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिक लोकांच्या बाबतीत न्यायालयाने अद्याप काहीही ठरवलेले नव्हते. त्यांतील बरेचसे जामिनावर सुटतात, कित्येक पुढे निर्दोष ठरतात. मात्र वाडीतील कुजबुज जामीन, निर्दोष मुक्तता आणि शिक्षा पूर्ण होणे यांत काहीच फरक करीत नाही. ‘आत जाऊन आलेला’ या एका शब्दप्रयोगात सगळे कोंबले जातात.

आपल्याला हे ठाऊक नाही असे नाही. आदिवासींच्या न्यायासाठी आयुष्य वेचलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० पासून नवी मुंबईतील तळोजा कारागृहात न्यायाधीन बंदी होते. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या वेळी आपण सर्वांनी ‘न्यायाधीन म्हणजे दोषी नव्हे’ असे आवर्जून म्हटले. तेच वाक्य शेजारच्या घरातील मुलाबद्दल म्हणताना आपली जीभ का अडखळते, याचा विचार प्रत्येकाने आपल्यापाशी करावा.

जामीनदार कोण राहणार?

गरीब बंद्याच्या बाबतीत न्यायालयाने जामीन मंजूर करणे आणि त्याची प्रत्यक्ष सुटका होणे यांत पुष्कळ दिवसांचे अंतर पडू शकते. जामीनदार लागतो, त्याच्यापाशी शिधापत्रिका, सातबारा उतारा, वेतनाचा दाखला किंवा ऐपतदारीचा दाखला असावा लागतो. परप्रांतातून कामाला आलेल्या तरुणाचे येथे कोणीच नसते. ज्याचे असते, त्याचेही नातेवाईक पुष्कळदा ‘उगाच कोर्टाच्या फेऱ्या नकोत’ म्हणून मागे सरतात.

१९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एका गवंड्याचे प्रकरण आले होते. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडून दहा हजार रुपयांचा जामीन मागितला आणि त्याचा सख्खा भाऊ जामीन राहावयास तयार असताना, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला एक हजार रुपयांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला आणि गरिबाला त्याच्या गरिबीपायी तुरुंगात ठेवण्याच्या प्रथेवर कठोर शब्दांत टीका केली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचे एक कारण असून न्यायालयांनी तशी अट घालू नये. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असेही त्याच आदेशात आहे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब बंद्यांना साहाय्य करणारी योजना सुरू केली. जामिनाच्या रकमेअभावी अडकलेल्या न्यायाधीन बंद्यासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत आणि दंड भरता न आल्याने आत राहिलेल्या शिक्षाबंद्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत तरतूद तिच्या मार्गदर्शक सूचनांत करण्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आणखी एक तरतूद आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या व्यक्तीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ न्यायाधीन अवस्थेत काढला असल्यास तिला जातमुचलक्यावर सोडावयाचे असते. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत लागू नाही. अनेक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असलेल्यांनाही ती मिळत नाही. कायदा असा आहे. परंतु आपला मुलगा या तरतुदीत बसतो हे त्याच्या आईला कोणीतरी सांगावे लागते.

संत पौलाने फिलेमोनास लिहिलेले पत्र बायबलमधील सर्वांत लहान पत्रांपैकी एक. पौल स्वतः बंदिवासात आहे. अनेसिम नावाचा गुलाम धन्याकडून पळून आला आहे, अशी परंपरागत समजूत आहे. पौल त्याला परत पाठवतो. पण रिकाम्या हाताने नव्हे. त्याला गुलाम म्हणून नव्हे तर बंधू म्हणून घरात घ्यावे अशी विनंती तो करतो आणि त्याच्याकडून काही नुकसान झाले असेल, काही देणे असेल, तर ते माझ्या खात्यावर मांडावे असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. आजच्या भाषेत सांगायचे तर पौल अनेसिमचा जामीनदार राहिला. हे पत्र आपण मिस्सामध्ये ऐकतो तेव्हा गुलामगिरीचा विचार मनात येतो, जामिनाचा येत नाही.

इतिहासातही परिवीक्षेची, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुधारण्याची संधी देण्याची, आधुनिक पद्धत एका जामीनदारापासूनच सुरू झाली. १८४१ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे शिवणाऱ्या कारागिराने न्यायालयात उभ्या असलेल्या एका मद्यपीचा जामीन भरला, त्याला व्यसन सोडण्यास मदत केली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा न्यायाधीशापुढे उभे केले. तो माणूस ओळखू न येण्याइतका बदलला होता. १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑगस्टसने एकोणीसशेहून अधिक स्त्रीपुरुषांची हमी घेतली. त्यांतील कित्येकांना त्याने आपल्याच घरात ठेवले. या नादात त्याचा धंदा बसला, हेही सांगितले पाहिजे.

सुटकेचा दिवस आणि पुढचे काही आठवडे

आदेश कारागृहात पोहोचून कागदपत्रे तपासून होईपर्यंत बहुधा संध्याकाळ होते. हातात एक पिशवी, अंगावर अटकेच्या दिवशीचे कपडे, बंद पडलेला मोबाइल. काही वर्षे आत काढलेल्या माणसाला रस्ता ओलांडतानाही भीती वाटते. दारावर कोणी घ्यायला आले असेल तर तो घरी जातो. कोणीच आले नसेल, तर ज्यांच्या संगतीने तो आत गेला तीच मंडळी बहुधा त्याची पहिली सोबत ठरतात. म्हणून पुनर्वसनाची सुरुवात समुपदेशनाने किंवा प्रवचनाने होत नाही. सुटकेची तारीख आधी विचारून ठेवणे, दारावर कोणीतरी उभे असणे आणि त्या रात्रीच्या जेवणाची व झोपण्याची सोय असणे, एवढ्यापासून ती होते.

त्यानंतर कागदपत्रे. आधार कार्ड हरवलेले असते, बँकेचे खाते निष्क्रिय झालेले असते, शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेले असते. बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आलेल्या माणसाकडे धर्मग्रामाच्या कार्यालयात कोणत्या नजरेने पाहिले जाते, यावरूनही त्याला पुष्कळ काही कळते.

दीर्घ शिक्षा भोगणाऱ्यांना मधूनमधून संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, मिळू शकते. महाराष्ट्रात त्यासाठी १९५९ चे नियम आहेत. रजेच्या काळात बंद्याला ठेवून घेणारा नातेवाईक असावा लागतो, स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो. या रजा म्हणजे परतीची रंगीत तालीमच होय. ज्या कुटुंबाला शेजाऱ्यांचा आधार असतो ते कुटुंब रजेसाठी पुढे येते. ज्याला नसतो ते टाळते. पुढे तो मनुष्य कायमचा सुटतो तेव्हा मुले त्याला ओळखतही नाहीत.

स्त्रियांची परिस्थिती याहून बिकट असते. पुरुष सुटून आला तर आई किंवा पत्नी बहुधा दार उघडते. स्त्री सुटून आली तर सासर बंद आणि माहेरही संकोचलेले, असा अनुभव या क्षेत्रात काम करणाऱ्या धर्मभगिनी सांगतात. तुरुंगात आईसोबत मूल सहा वर्षांचे होईपर्यंत राहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या निकालात मार्गदर्शक म्हणून घालून दिले आहे. त्यानंतर ते मूल नातेवाइकांकडे किंवा संस्थेत जाते. सुटल्यावर त्या स्त्रीला घरही नव्याने उभे करावे लागते आणि मूलही नव्याने मिळवावे लागते. आपल्या धर्मप्रांतांत धर्मभगिनींची वसतिगृहे पुष्कळ आहेत. एखाद्या खोलीचा विचार त्या दृष्टीने व्हावयास हरकत नाही.

काम

नोकरीसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला जातो आणि तेथे गाडे अडते. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ बद्दल फार थोड्यांना ठाऊक आहे. न्यायालयाने ज्याला या अधिनियमाखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, त्याला त्या दोषसिद्धीमुळे कायद्यान्वये येणारी अपात्रता लागत नाही. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम २४ तसेच संरक्षण देते. सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडून. ज्या कुटुंबातील मुलगा कधीकाळी बालगृहात गेला असेल त्याने हे वकिलाकडून नीट समजून घ्यावे.

मोठी कंपनी घेत नसेल तर लहान व्यवसाय उरतात, आणि तेथे आपण उपयोगी पडू शकतो. आपल्या समाजात बांधकामाचे ठेकेदार आहेत, बेकरीवाले, केटरर, गॅरेजवाले, फुलांचे व भाजीचे बागाईतदार आहेत. एखाद्याला आठवड्याच्या मजुरीवर ठेवून घेण्यासाठी त्यांना कोणत्याही मंडळाचा ठराव लागत नाही. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली आणि तुरुंगात काम करून वेतन मिळवणाऱ्या बंद्यांना सात टक्के व्याजाने पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज देऊ केले. कर्ज घेणारा आत आणि पैसा मुलांच्या शिक्षणाला किंवा वकिलाला बाहेर, अशी तिची मांडणी. आत असलेल्या माणसाची पत एक बँक मानू शकते, तर बाहेर आलेल्याची आपल्या पतपेढ्यांना का मानता येऊ नये?

महाराष्ट्राला या बाबतीत जुनी परंपरा आहे. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी केली. तेथे बंदी भिंतीविना, कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट, ज्याची कथा ग. दि. माडगूळकर यांची होती, या प्रयोगावरूनच सुचला. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला. सांगली जिल्ह्यातील ती वसाहत आजही आहे हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

सेमलियाचा समंदरसिंह

ख्रिस्तसभेच्या दृष्टीने याविषयीचे सर्वांत मोठे उदाहरण मध्य प्रदेशात घडले. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर राणी मारिया या देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडवण्याचे काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये समंदरसिंह या तरुणाने त्यांना भोसकून ठार केले. अंगावर चोपन्न जखमा होत्या. त्याला जन्मठेप झाली.

यानंतरची हकिगत बहुतेकांना राखीपासून ठाऊक असते. परंतु ती तेथे सुरू होत नाही. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथोलिक धर्मगुरू त्याला तुरुंगात पुनःपुन्हा भेटत राहिले. ऑगस्ट २००२ मध्ये, रक्षाबंधनाच्या सुमारास, राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याला त्यांनी राखी बांधली. आपण बहुधा येथेच थांबतो, कारण चित्र सुंदर आहे. त्या मात्र थांबल्या नाहीत. त्याच्या लवकर सुटकेसाठी कुटुंबीयांनी आणि संघाने शासनाकडे विनंती केली, कागदपत्रांचा पाठपुरावा झाला आणि २००६ मध्ये, सुमारे अकरा वर्षांनंतर, तो बाहेर आला. २००७ मध्ये तो केरळातील पुल्लुवळी गावी राणी मारिया यांच्या वृद्ध आईवडिलांच्या घरी गेला आणि त्यांनी त्याला घरात घेतले. पुढे तो आपल्या सेमलिया गावी शेती करू लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा तो त्या सोहळ्यात उपस्थित होता.

भेटी, राखी, सह्या, घर, शेत. यांतील सह्यांचा टप्पा कोणत्याही प्रवचनात येत नाही. पण तो नसता तर समंदरसिंह आणखी काही वर्षे आतच राहिला असता.

संत जॉन पॉल दुसरे यांनी २७ डिसेंबर १९८३ रोजी रोमच्या रेबिबिया तुरुंगात आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या अली आग्जाची भेट घेतली. पोप फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी त्याच तुरुंगात ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. मृत्यूच्या चार दिवस आधी, १७ एप्रिल २०२५ च्या आज्ञागुरुवारी, ते रेजिना चेली तुरुंगातील बंद्यांना भेटले.

काही सावधगिरी

क्षमा करण्याचा अधिकार प्रथम ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आहे. सिस्टर सेल्मी यांना क्षमेच्या मार्गावर किती वर्षे चालावे लागले हे लक्षात घेतले, तर एखाद्या पीडित कुटुंबाला ‘तुम्ही ख्रिस्ती आहात, विसरून जा’ असे सांगण्याचे धाडस आपण करणार नाही. अपराधी आणि पीडित एकाच धर्मग्रामातील असतील, तर आधी पीडितांच्या घरी जावे. त्यांना नको असेल तर सुटून आलेल्याने दुसऱ्या चर्चमध्ये मिस्साला जावे, असे सुचवण्यात काही गैर नाही.

दुसरी गोष्ट, मदत म्हणजे लपवाछपवी नव्हे. ज्याने मालकाच्या पैशांचा अपहार केला त्याला दुसऱ्या दिवशी दानपेटीच्या किल्ल्या देणे ही दया नव्हे, परीक्षा आहे. बालकांवरील अत्याचाराच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या व्यक्तीला धर्मशिक्षणाचा वर्ग, वेदीसेवक, युवक शिबिर यांपासून दूर ठेवलेच पाहिजे. तिलाही ते स्पष्टपणे सांगावे. खोली व काम मिळवून देता येते, मुलांचा सहवास देता येत नाही.

तिसरी गोष्ट व्यसनाची. दारू किंवा अमली पदार्थ हे मूळ असेल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा आठवड्याच्या मजुरीइतकीच आवश्यक आहे. आणि तो पुन्हा घसरला, तर ज्याने जामीन घेतला त्याची लोक टिंगल करतील, हेही गृहीत धरावे.

कोठे विचारावे

केरळमध्ये १९८१ साली फादर वर्गीस करिपेरी व फादर फ्रान्सिस कोडियन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ ही भारतीय बिशप परिषदेशी संलग्न संस्था धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक स्वयंसेवकांच्या साहाय्याने देशभर काम करते. सुटलेल्यांसाठी निवासगृहे चालवणे हा तिच्या कार्याचा भाग आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कारागृहे, पोलीस ठाणी आणि न्यायालये येथे काम करीत आला असून सुटलेल्यांना प्रशिक्षण व काम मिळवून देण्याचा त्याचा अनुभव मोठा आहे. शासनाच्या बाजूने परिवीक्षा व अनुरक्षण हे विषय महिला व बालविकास विभागाकडे येतात. प्रत्येक जिल्ह्यात परिवीक्षा अधिकारी असतात. मुक्त बंद्यांना मिळणाऱ्या साहाय्याच्या चालू अटी त्यांच्याच कार्यालयात विचाराव्यात.

अटकेत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा, किंवा १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा. अर्ज नातेवाइकानेच केला पाहिजे असे नाही. व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचा सभासद किंवा शेजारीही तो घेऊन जाऊ शकतो. जाताना बंद्याचे पूर्ण नाव, कारागृहाचे नाव, पोलीस ठाण्याचे नाव व गुन्हा नोंदणी क्रमांक सोबत न्यावा.